ताईसाहेब शवपेटीतून उठतात तेव्हा

पडद्यावर भुतं अजून धड जमलीही नव्हती आणि खाली अक्षरं उमटली : (कोंबडा आरवतो).

आईनं चष्मा सारखा केला. आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठला कोंबडा?"

कोंबड्याला अजून जवळजवळ तीन मिनिटं अवकाश होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. मी त्याच्या उलट करून दाखवलं होतं. माझं कोंबडं आरवून मोकळं झालं होतं आणि तांबड्याचा पत्ता नव्हता. ज्या चित्रपटात सगळं घोडं कोंबड्याच्या आरवण्यावर अडलेलं आहे, त्यात सबटायटल्स करणाऱ्या माणसाच्या हातून याहून वाईट चूक होऊ शकत नाही. चार महिने रोज रात्री तास-दीड तास घालून केलेलं काम, आणि ऐन शेवटी ही शोभा.

चित्रपटाचं नाव ‘विय’. 1967 सालचा, सोव्हिएत, मॉसफिल्मनं काढलेला, अवघ्या 77 मिनिटांचा. निकोलाय गोगोलची याच नावाची कथा 1835 मध्ये ‘मिरगोरोद’ या संग्रहात आली, तिच्यावर तो बेतलेला आहे. देव आणि भूत दोघांनाही सरकारदरबारी थारा नव्हता अशा देशात भयपट निघाला कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा बघताना पडला होता. उत्तर बहुधा गोगोलच्या नावातच असावं. अभिजात लेखकाची कथा म्हटलं की चेटकिणीलाही परवाना मिळतो. दिग्दर्शक दोन, कॉन्स्तान्तिन येर्शोव आणि गेओर्गी क्रोपाच्योव, दोघंही नवखे. पाठीशी अलेक्सांद्र प्तुश्को हा मुरलेला माणूस. त्यानं 1935 मध्येच हजारो बाहुल्यांमध्ये एक खराखुरा मुलगा उभा करून ‘नवा गलिव्हर’ केला होता आणि पुढे रशियन परीकथांचे रंगीत चित्रपट काढण्यात हयात घालवली होती. ‘विय’ची शेवटची दहा मिनिटं बघितली की प्तुश्कोचा हात कुठे फिरलाय ते लगेच कळतं. आपल्याकडे हा चित्रपट फारसा कुणी बघितलेला नाही. पण जगभर भयपटांच्या नादी लागलेल्या लोकांत याचं नाव काढलं की माणसं खुर्ची पुढे ओढतात, आणि ती याच दहा मिनिटांसाठी.

गोष्ट साधी आहे. कीव्हच्या सेमिनरीला, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेला, सुट्टी लागते. तीन विद्यार्थी पायी घरी निघतात, रात्री वाट चुकतात आणि एका म्हातारीच्या वाड्यावर आसरा मागतात. त्यातल्या खोमा ब्रूतच्या पाठीवर ती म्हातारी चढून बसते आणि त्याला घोड्यासारखा आकाशातून पिटाळते. तो देवाचा धावा करून कसाबसा खाली उतरतो, लाकडानं तिला झोडपून काढतो, आणि बघतो तर समोर म्हातारी नाही, एक सुंदर तरुण मुलगी मरणोन्मुख पडलेली. तो पळून कीव्हला येतो. तिथे निरोप आलेला असतो : एका बड्या कॉसॅक सरदाराची मुलगी मरताना सांगून गेलीय की तिच्या शवाशेजारी तीन रात्री प्रार्थना म्हणायला खोमा ब्रूतलाच आणा. पुढे तीन रात्री, एक लाकडी चर्च, खडूनं आखलेलं एक रिंगण. आणि कोंबडा आरवला की भुतांची वेळ संपली.

आईला भुताच्या गोष्टींचं वेड. आमच्या लहानपणी वीज गेली की ती सुरू व्हायची, आणि वीज आली तरी आम्ही दिवा लावू द्यायचो नाही. इंग्रजी अक्षरं मात्र तिला झेपत नाहीत. वाचता येतात, पण एक ओळ लागेस्तोवर तीन निघून जातात. मी आधी तिच्याशेजारी बसून तोंडी सांगायला गेले. तिचं "काय म्हणाला?" आणि माझं उत्तर, या भानगडीत पुढची दोन वाक्यं बुडायची. विसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "हे म्हणजे क्रिकेटची कॉमेंट्री झाली. लिहून का काढत नाहीस?"

कॉलेजात असताना मी दोन वर्षं रशियनचा कोर्स केला होता. त्यातलं उरलेलं म्हणजे लिपी, थोडं व्याकरण आणि शब्दकोश धुंडाळायची सवय. तेवढ्यावर कुणी चित्रपटाला हात घालू नये. पण ‘विय’च्या बाबतीत एक सोय आहे. संवादांचा मोठा भाग गोगोलच्या कथेतून जवळपास उचललेला आहे, आणि कथा छापील मिळते. त्यामुळे कानाला लागलं नाही ते डोळ्यांनी वाचून भरून काढता येत होतं. डीव्हीडीवर इंग्रजी सबटायटल्स होती, ती मी पहिले काही दिवस आधाराला घेतली आणि मग बंद केली. त्यांनी सगळ्यांना एकाच यू-मध्ये कोंबलं होतं. रशियनमध्ये तू आणि तुम्ही वेगळे असतात, आपल्यासारखेच. सरदार खोमाला तू म्हणणार, खोमा सरदाराला आपण. पहारेकरी कॉसॅक दारू पोटात जाईपर्यंत खोमाला तुम्ही म्हणतात आणि गेल्यावर गळ्यात पडून तू म्हणतात, असं मी मराठीत केलं. मूळ रशियनमध्ये ते इतकं नेमकं नाही, हे कबूल करते. पण दारूच्या त्या प्रसंगाला ते शोभून दिसलं, म्हणून ठेवलं.

माणसं मराठीत येताना फारशी खळखळ करत नाहीत, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. मेलेल्या मुलीला रशियनमध्ये ‘पन्नोच्का’ म्हणतात, म्हणजे धन्याची लेक, लाडकं रूप. इंग्रजीत तिचं ‘यंग लेडी’ झालं होतं, म्हणजे काहीच नाही. मी दोन दिवस ‘कुमारी’, ‘छोट्या बाई’ असलं काहीतरी लिहून खोडत होते आणि एकदम आठवलं : ताईसाहेब. वाड्यावरच्या गड्यांच्या तोंडी धन्याच्या मुलीसाठी दुसरा शब्द असूच शकत नाही. "ताईसाहेब घोड्यावर बसायला आल्या की मिकिता नुसता बघत राहायचा," असं एक कॉसॅक चुलीजवळ सांगू लागला, तेव्हा तो मला आमच्याच कुठल्यातरी वाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखा वाटला.

सरदारानं जरा त्रास दिला. मूळ शब्द ‘सोत्निक’, शंभर माणसांवरचा अधिकारी. सभासदाच्या बखरीत पायदळाची उतरंड दिलीय, तिच्यात साधारण एवढ्या माणसांवर जुमलेदार येतो. मी हरखून सगळीकडे ‘जुमलेदार’ घातलं. मग मोठ्यानं वाचून बघितलं. एक तर कीव्हजवळचा कॉसॅक एकाएकी रायगडावर उभा राहिला, आणि दुसरं म्हणजे जुमला या शब्दाचं अलीकडे जे झालंय ते झालंय. दुःखात बुडालेल्या बापाला आल्या आल्या प्रेक्षक हसणार. काढलं. ‘सरदार’ मोघम आहे, पण कुणाला खटकत नाही.

तिघा विद्यार्थ्यांच्या नावांत गोगोलनं जी गंमत केलीय ती अर्थातच वाया गेली. खोमा म्हणजे थॉमस, आणि ब्रूत म्हणजे ब्रूटस. तिबेरी गोरोबेत्स हा रोमन सम्राटाचं नाव घेऊन फिरणारा पोरगा, आणि गोरोबेत्स म्हणजे युक्रेनियनमध्ये चिमणी. तिसऱ्याचं नाव खल्यावा. आजच्या रशियनमध्ये फुकटात हाती लागलेल्या गोष्टीला हाच शब्द आहे. दीड सेकंदाच्या अक्षरांत हे कुठे बसवणार? सेमिनरीच्या वर्गावरून खोमाला सगळे ‘फिलॉसॉफ’ म्हणतात. तत्त्वज्ञान हा तिथल्या एका वर्गाचा विषय. त्यात विद्वत्तेपेक्षा थट्टाच जास्त. ‘तत्त्वज्ञ’ लिहिलं तर माणूस भलताच गंभीर होतो. ‘शास्त्रीबुवा’ हा शब्द थट्टेच्या दृष्टीनं नेमका होता, पण तो लिहिल्याबरोबर मला खोमाच्या डोक्यावर शेंडी दिसायला लागली. शेवटी ‘पंडित’वर भागवलं. चिडवायचं असेल तिथे ‘पंडितबुवा’.

एका ठिकाणी मात्र मराठीनं अशी काही साथ दिली की मी रात्री साडेअकराला एकटीच हसले. म्हातारी अंधारात हात पसरून खोमाकडे यायला लागते. हिच्या मनात भलतंच काही आहे असं त्याला वाटतं आणि तो म्हणतो की आता उपवासाचे दिवस आहेत, हजार मोहरा दिल्या तरी मी असलं काही करणार नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ उपवासात निषिद्ध ते खाणं, आणि आडून दुसराही. मराठीत लिहिलं, "ऐक आजी, सध्या उपास आहेत. हजार मोहरा दिल्यास तरी मी उपास मोडणार नाही." दोन्ही अर्थ जिथल्या तिथे. याला काही कौशल्य लागलं नाही. भाषेनं आयतं ताटात वाढलं. (त्या म्हातारीचं काम निकोलाय कुतुझोव या पुरुष नटानं केलंय. हे मी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.)

प्रार्थनांचं म्हणाल तर तिथे जुनी, चर्चची स्लाव्होनिक भाषा आहे, जी आजच्या रशियन माणसालाही अर्धवटच कळते. जुन्या मराठीचा काही आधार मिळेल म्हणून मी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त डोकावले. त्या ओव्या इतक्या गोड आहेत की भूत वाचत बसेल, पळणार नाही. तो नाद सोडून मराठी बायबलच्या स्तोत्रसंहितेची धाटणी धरली आणि खोमा जिथे घाबरून नुसता पुटपुटतो तिथे काहीच लिहिलं नाही.

मग भुतं आली आणि काम अडलं.

सुरुवात मी अगदी आत्मविश्वासानं केली होती. मराठीला भुतांची काय कमतरता? ‘विय’ म्हणजे कोण, तर गोगोल एका तळटीपेत म्हणतो : भूगर्भातल्या खुज्या पिशाच्चांचा प्रमुख, ज्याच्या पापण्या जमिनीपर्यंत लोंबतात, आणि ही लोककथा आपण ऐकली तशीच सांगतोय. (अभ्यासकांना अशी लोककथा जशीच्या तशी सापडलेली नाही. लांबलचक पापण्यांचे म्हातारे इकडेतिकडे आढळतात, पण ‘विय’ गोगोलचाच दिसतो.) भुतांचा प्रमुख म्हटल्यावर मी लिहून टाकलं : वेताळ. शिवाय खोमाच्या पाठीवर बसलेली म्हातारी आणि विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ हे साम्यही होतंच. मी स्वतःवर भलतीच खूश होते. मेलेल्या मुलीला मी हडळ केलं. तिनं बोलावलेल्या गर्दीत खवीस, मुंजा, समंध, जो सापडेल तो घातला.

पहिला प्रयोग आईवर झाला. लॅपटॉपवर, दुपारी, पहिल्या रात्रीपर्यंत. त्या रात्रीच्या प्रसंगात काय आहे, तर खोमा पोथी वाचतोय, मुलगी शवपेटीत उठून बसते, उतरते, आणि रिंगणाच्या कडेनं हात पुढे करून चाचपडत फिरते. तिला तो दिसत नाही. हवेतच काचेची भिंत असावी तसे तिचे तळवे अडतात. नताल्या वार्लेय ही जेमतेम विशीतली मुलगी, सर्कशीत उंचावरच्या कसरती करणारी. त्याच वर्षी ती एका विनोदी चित्रपटामुळे सोव्हिएत युनियनभर लाडकी झाली होती. तिचे ते उघडे, आंधळे डोळे बघून माझ्या अंगावर दहाव्यांदाही काटा येतो.

आई पुढे वाकून पडद्याच्या खालच्या भागाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, अक्षरं वाचतेय.

"काय बघतेस?"

"पाय. हडळ म्हणतेस ना? हिचे पाय उलटे नाहीत."

संपूर्ण प्रसंग तिनं पाय बघण्यात घालवला. चेहरा बघितलाच नाही. आणि नंतर पुढे काय होणार हे सांगताना मी वेताळाचं नाव काढलं, तेव्हा तिनं मला वेताळाबद्दल अर्धा तास सुनावलं. वेताळाची अमावस्येला पालखी निघते, पुढे मशाली असतात, तो गावाचं रक्षणही करतो, त्याला नारळ देतात, आणि तो असा कुणी पापण्या उचलून धरायची वाट बघत बसत नाही. हडळ ही बाळंतपणात गेलेली बाई, ही तर कुमारी. मुंजा पिंपळावर असतो, चर्चमध्ये कसा येईल?

तिचं सगळं बरोबर होतं. आपल्याकडचं भूत मरतानाही जात, वय, लग्न झालं की नाही आणि मरण कसं आलं हे सगळं बरोबर घेऊन मरतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज न झालेला मुलगा. खवीस कोणाचा, समंध कोणाचा, गिऱ्हा कुठल्या पाण्यात, सगळं ठरलेलं. नाव उच्चारलं की रेशनकार्डच समोर येतं. आणि ज्याचं रेशनकार्ड माहीत आहे त्याची भीती वाटत नाही. त्याला काय दिलं की तो जातो, हेही माहीत असतं. ताईसाहेब आल्या, सरदार आले, उपास मोडणारी म्हातारी आली, ती सगळी अगदी घरच्यासारखी आली. भुतांना मात्र मी घरी आणलं आणि तिथेच त्यांचा जीव गेला.

त्या रात्री मी भुतांच्या सगळ्या ओळी पुसल्या. ‘हडळ’ गेली, ‘चेटकीण’ आली. या शब्दाला जिवंत-मेल्याचा विधिनिषेध नाही. ‘उपीर’ आणि ‘वुर्दलाक’ ही तिकडच्या रक्तपिपासू भुतांची नावं तशीच ठेवली. ही हाक ती मुलगी मारते तेव्हा आवाजच पुरेसा आहे, अर्थ कशाला? आणि वेताळाच्या जागी ‘विय’. त्यातही आधी मी ‘वीय’ असं दीर्घ लिहिलं होतं. भावानं फाइल चाळली आणि विचारलं, "यातला रफार राहिलाय का?" तेव्हापासून पहिली वेलांटी.

त्याचं एकच मोठं वाक्य आहे. रशियनमध्ये ते आता म्हणीसारखं झालंय. झोप अनावर झालेला माणूससुद्धा ते गमतीनं म्हणतो. "पोदिमीते म्न्ये व्येकी, न्ये वीझू." म्हणजे, माझ्या पापण्या वर करा, दिसत नाही. डोळे म्हटले की मराठीत हात आपसूक ‘उघडा’कडे जातो. पण पापण्या जमिनीपर्यंत आलेल्या आहेत, त्या उघडायच्या नाहीत, ओझं उचलतात तशा उचलायच्या आहेत. "पापण्या उचला माझ्या. दिसत नाही." यातलं ‘दिसत नाही’ मला आवडतं, कारण आपल्याकडची म्हातारी माणसं असंच म्हणतात, कुरकुरत. त्यानंतर तो बोट दाखवतो आणि म्हणतो, "वोत ओन!" दोन अक्षरांचे दोन शब्द. ‘हा बघा’ की ‘हाच तो’ की ‘तो पाहा’? आठवडाभर मी घरात बोट रोखून मोठ्यानं म्हणून बघत होते. ‘हा इथे!’ ठेवलं. शोधणाऱ्याच्या तोंडचं आहे ते, दाखवणाऱ्याच्या नाही.

आता जरा यंत्रातल्या भुतांबद्दल. सबटायटल्सची फाइल म्हणजे तसा काही मोठा प्रकार नाही. क्रमांक, कधी उमटायचं आणि कधी जायचं याची वेळ, आणि मजकूर, एवढंच. दोन ओळींपेक्षा जास्त नको, सेकंदभरापेक्षा कमी नको, सात सेकंदांपेक्षा जास्त नको, हे संकेत सगळीकडे साधारण सारखे. पण एका ओळीत किती अक्षरं, हे मोजणारं सॉफ्टवेअर रोमन लिपीच्या हिशेबानं चालतं. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीनं एक अक्षर. संगणकाच्या मोजणीत ती सहा चिन्हं. त्यामुळे माझ्या निम्म्या ओळी तांबड्या रंगात "फार लांब" म्हणून ओरडत होत्या. मी ती तंबी बंद केली आणि आईला मोठ्यानं वाचायला लावून घड्याळ लावलं. एकदा फाइल चुकीच्या पद्धतीनं साठवली आणि सगळ्या संवादांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. तेही एक प्रकारे चित्रपटाला साजेसंच होतं.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तेव्हा वेगळंच. त्या टीव्हीला देवनागरीचे शब्द माहीत होते पण रीत माहीत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अर्धी अक्षरं सुटी सुटी उभी राहिली. ‘ख्रिस्ता’चं जे झालं ते इथे लिहीत नाही. दहा मिनिटांत बंद केलं आणि लॅपटॉपच टीव्हीला जोडला, ठसठशीत ‘मुक्त’ टाइप निवडून.

त्या जोडणीवर दुसरी रात्र झाली. शवपेटी हवेत उडते आणि मुलगी तिच्यावर उभी राहून चर्चभर घिरट्या घालते, ती रात्र. चित्रीकरणात एकदा वार्लेय त्या पेटीतून खरोखर खाली पडली आणि खोमाचं काम करणाऱ्या लिओनिद कुराव्ल्योवनं तिला झेललं, असं तिनंच नंतर सांगितलंय. आईनं या वेळी पायांकडे ढुंकून बघितलं नाही. सकाळी खोमाचे केस पांढरे झालेले दिसले तेव्हा तिनं माझा दंड धरला होता.

आणि तिसऱ्या रात्रीच्या तोंडावर डीव्हीडी अडकली. पुसली, फुंकली, पुन्हा घातली. सरदार चाबूक दाखवतोय तिथे जी थांबली ती थांबली. मग एका परिचिताकडून परदेशात निघालेली ब्लू-रे आणली. तिच्या सुरुवातीची दोन मिनिटं लावून बघितली, अक्षरं बरोबर पडत होती. म्हणून थेट तिसऱ्या रात्रीवर गेलो आणि कोंबडा आरवला.

कारण कळल्यावर मीच कपाळावर हात मारला. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगानं घेतलेला असतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर तो 25 फ्रेमनं धावतो. कोणाच्या लक्षातही येत नाही, पण चित्रपट चार टक्के लवकर संपतो. माझ्या वेळा त्या धावत्या प्रतीवर लावलेल्या होत्या. नवी प्रत खऱ्या चालीनं चालत होती. पहिल्या मिनिटाला दोन-अडीच सेकंदांचा फरक, तो मला जाणवला नाही. दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंद. शेवटाकडे तीन मिनिटं. प्रत्येक वेळेला 25 भागिले 24 नं गुणायचं, एवढाच इलाज. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बटण आहे. ते शोधायला मला वीस मिनिटं लागली. आई तोवर अंधारात बसून राहिली, दिवा लावू दिला नाही.

मग तिसरी रात्र नीट लागली. खोमा दारूच्या जोरावर येतो. घाबरला तर तो कॉसॅक कसला. रिंगण आखतो. भिंतींतून हात निघतात, करडी शरीरं भिंतीवरून सरपटत उतरतात, कोपऱ्याकोपऱ्यातून काहीबाही हलायला लागतं. सगळं हातानं केलेलं, तारा आणि कापड आणि माती आणि रंग. खरं सांगायचं तर स्वतः ‘विय’ मला कधीच फार भयंकर वाटला नाही. चिखलाच्या मोठ्या पोत्याला पाय फुटावेत तसा दिसतो. भीती त्याच्या येण्याच्या वाटेत आहे. सगळी गर्दी बाजूला होते आणि ती मुलगी दाराकडे बघत थांबते.

तिनं हाक मारली. माझ्या ओळी पडायला लागल्या, एकामागून एक, अगदी वेळेवर. मी मनातून फुलले होते.

"ती अक्षरं घालव खालची," आई म्हणाली.

"अगं, आता तर..."

"घालव म्हणते ना. तिचं तोंड झाकतंय."

मी अक्षरं बंद केली. आठवडाभर बोट रोखून ठरवलेलं ‘हा इथे!’ कुणीही वाचलं नाही. ‘विय’ रशियनमध्येच बोलला, पापण्या उचलल्या गेल्या, खोमानं बघायचं नाही ते बघितलं. आईला काही विचारावं लागलं नाही. कोंबडा आरवला तेव्हा ती "हां," म्हणाली, इतकंच.

शेवटचा प्रसंग छोटा आहे. कीव्हमध्ये खोमाचे दोघे मित्र रंगकाम करत बसलेत आणि त्याच्याबद्दल बोलतायत. अक्षरं लावायची राहूनच गेली होती.

"काय म्हणतायत?" आईनं विचारलं.

"तो चिमणी आहे ना, तिबेरी, तो म्हणतोय, खोमा घाबरला म्हणून मेला. घाबरला नसता तर चेटकिणीला काही करता आलं नसतं. आणि म्हणतोय, आमच्या कीव्हच्या बाजारात बसतात त्या सगळ्या बायका चेटकिणीच आहेत."

आईनं चष्मा काढून पदराला पुसला.

"त्याला बोलायला काय जातंय," ती म्हणाली. "तो होता का तिथं?"